नाशिक वाढणारच आहे, पण ओहोळांच्या वाटा कोण राखणार?

मोजणीवाला (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

गेली सोळा वर्षं मी जमीन मोजणीचं खासगी काम करतो. टोटल स्टेशन (मोजणीचं दुर्बिणीसारखं यंत्र), एक मदतनीस पोरगा आणि नाशिकच्या चारी अंगांची शिवारं, हाच माझा दिवस. शहर कुठे सरकतंय ते आम्हाला बाकीच्यांच्या आधी कळतं, कारण बांधकामाच्या आधी खुंट्या येतात, आणि त्या आम्हीच ठोकतो.

मागच्या महिन्यात आडगावच्या पलीकडे एका गटाची मोजणी होती. दीड एकर थॉमसन द्राक्षांची बाग. आम्ही पोचलो तेव्हा मांडव उतरवणं चालू होतं. दोन माणसं तारा गुंडाळत होती, अँगल उपटून टेम्पोत टाकले जात होते, आणि मनगटाएवढे बुंधे बांधावर रचून ठेवले होते. मालक शांत होते. म्हणाले, "औषधाचा खर्च, मजुरी, वर अवकाळी. पोरांना यात राहायचं नाही." त्यांना दोष देणारा मी कोण? पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. गावनकाशात त्या गटाच्या कोपऱ्यातून ओहोळाची दुहेरी रेघ जाते. जागेवर ओहोळ होता, पण शेजारच्या रेखांकनाच्या (भूखंड पाडलेल्या लेआउटच्या) हद्दीपर्यंतच. पलीकडे मुरूम टाकून सपाट केलेलं, आणि त्याखाली दोन फुटी पाईप. वरच्या अंगाला निदान दोनशे एकरांचं पाणी त्या ओहोळाला येतं. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "पाईप टाकलाय ना साहेब."

घरी येऊन झोप लागेना, म्हणून हा धागा.

नाशिकच्या ताकदीबद्दल बोलायचं तर आपल्याकडे काय नाही? मुंबईपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आत, पुण्यापासून सव्वादोनशेच्या आत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. डहाणूकडे वाढवण बंदर येतंय, तिथून भरवीरपर्यंत द्रुतगती मार्गाचा बेत आहे. ओझरला एचएएल ही सरकारी विमान कंपनी १९६४ पासून विमानं बांधते. मिगपासून सुखोईपर्यंत आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथून तेजसनं उड्डाण केलं. नाशिकरोडला नोटांचा छापखाना १९२८ पासून. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी, असा कारखान्यांचा अर्धगोल. आणि या सगळ्याच्या मधोमध द्राक्ष, कांदा, टोमॅटो. कारखाना आणि बाग एकाच शिवारात नांदतात, असे जिल्हे महाराष्ट्रात फार नाहीत.

आता नियोजन. महापालिका १९८२ ची. नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि आजूबाजूची गावं एकत्र करून ती झाली. २०११ च्या जनगणनेत शहर १४.८६ लाखांचं होतं. पण खरी वाढ आता हद्दीबाहेर आहे. म्हणून नाशिक, त्र्यंबक, इगतपुरी, सिन्नर, दिंडोरी, निफाड या तालुक्यांतली गावं घेऊन महानगर प्रदेश विकास प्राधिकरण नेमलं. चांगलंच झालं. पण गावात विचारा, प्राधिकरण म्हणजे काय? लोक सांगतात, "बांधकाम परवानगी आता तिकडे मिळते." एवढीच ओळख पुरेशी नाही.

माझं म्हणणं एकच आहे. या प्रदेशाचा आराखडा रस्त्यांपासून काढायला घेऊ नका, पाण्यापासून घ्या. आधी गावनकाशे काढून प्रत्येक ओहोळ, नाला, पाझर तलाव, पाणंद नव्या नकाशावर चढवा. जागेवर मोजा, दगड रोवा. मग उरलेल्या जमिनीवर रस्ते आणि वस्ती मांडा. रस्ता पन्नास मीटर इकडे-तिकडे सरकतो. ओहोळ सरकत नाही.

१९ सप्टेंबर २००८ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर आपण पूर मोजतो. त्या दिवशी मोजायला मारुतीच दिसत नव्हता. त्या पुरानंतर गोदावरीला निळी आणि लाल पूररेषा आखली गेली, निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. मोठ्या नदीला रेषा मिळाली. तिला मिळणाऱ्या ओहोळांना कधी मिळणार?

तुमच्या भागात काय दिसतं ते लिहा. पटत नसेल तर तेही लिहा.

अंबडचा लेथवाला

मोजणीवाले, ओहोळाचं पटलं. पण मी पोटापाण्याच्या बाजूने लिहितो.

माझं छोटं वर्कशॉप आहे, अकरा माणसं. स्विचगिअरचे, म्हणजे वीजप्रवाह चालू-बंद करणाऱ्या उपकरणांचे, सुटे भाग करतो. नाशिकमध्ये विजेच्या उपकरणांचे मोठे कारखाने आले आणि त्यांच्या मागे आमच्यासारखी शेकडो शेड्स उभी राहिली. नाशिकचं खरं बळ मला विचाराल तर ही कारागिरी आहे. ड्रॉइंग हातात ठेवा, चार दिवसांत नमुना करून देणारी माणसं इथे आहेत. पण तयार उपकरणाची चाचणी करायची तर भोपाळ नाहीतर बंगळुरूला पाठवायचं, तिथे नंबर लागायची वाट बघायची. शिलापूरला सीपीआरआय या केंद्राच्या वीज संशोधन संस्थेची प्रयोगशाळा मंजूर झाली ती याच गरजेतून. अशी एक प्रयोगशाळा दहा नव्या भूखंडांपेक्षा मोलाची असते, हे नियोजन करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

दुसरी गोष्ट पोरांची. आयटीआय झालेला पोरगा माझ्याकडे दोन वर्षं शिकतो आणि चाकणला जातो. पगाराचा फरक फार नाही. तो म्हणतो, "तिथे कंपनीची बस दारात येते." माझ्याकडे दुसरी पाळी रात्री अकराला सुटते. त्या वेळी शहर बस नाही. पाथर्डी फाट्यापर्यंत चालत, मग मिळेल ती रिक्षा. बायका दुसऱ्या पाळीला येतच नाहीत, आणि वायरिंगच्या कामात त्यांचा हात आमच्यापेक्षा सफाईचा असतो. नियोजन म्हणजे उड्डाणपूलच का? रात्री सव्वाअकराची एक बस हेही नियोजनच.

निफाडची माती

मी धाग्यातल्या नदीच्या खालच्या अंगाला राहतो. तुमचं शहर जे सोडतं ते आम्ही बघतो.

नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा एकत्र येतात. जानेवारी २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर पाणथळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून ते जाहीर झालं. हिवाळ्यात पहाटे बंधाऱ्यावर गेलात तर पाण्यापेक्षा पक्षी जास्त. पण उन्हाळ्यात सायखेड्याच्या पुलावरून खाली बघा. पाणवेलींचा हिरवा गालिचा पसरलेला, पाणी दिसतच नाही. माझे वडील याच नदीत पोहायला शिकले. माझ्या मुलाला मी पाण्यात उतरू देत नाही. पायाला खाज सुटते.

तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथे मलजलशुद्धीकरण केंद्रं आहेत हे मला माहीत आहे. पण ती झाली तेव्हाची वस्ती आणि आजची वस्ती एक आहे का? शिवाय तुम्ही म्हणता तशा हद्दीबाहेरच्या नव्या सोसायट्यांचं सांडपाणी कुठल्या केंद्रात जातं? कुठल्याच नाही. सेप्टिक टँक भरला की टँकर येतो, आणि रात्री टँकर कुठे रिकामा होतो ते आमच्या ओढ्याला विचारा. एकाने तर माझ्या मक्याच्या बांधाला लागूनच सोडलं होतं. सकाळी वासानं कळलं.

म्हणून माझी मागणी सोपी आहे. ड्रेनेजची सोय दाखवल्याशिवाय प्राधिकरणाने एकही मोठं रेखांकन मंजूर करू नये. आणि शुद्ध केलेलं पाणी नदीत सोडून मोकळं होऊ नका. केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणातच आहे की पन्नास किलोमीटरच्या आत मलजलशुद्धीकरण केंद्र असेल तर औष्णिक वीज केंद्राने ते पाणी वापरायचं. एकलहऱ्याचं वीज केंद्र तर शहराला लागून आहे. तेवढं धरणाचं पाणी वाचलं तर ते पिण्याला नाहीतर शेतीला मिळेल.

पैठणची लेक

माहेर पैठण, सासर नाशिक. त्यामुळे पाण्याच्या चर्चेत दोन्ही घरांतून बोलणी खाते. तरी लिहिते.

दरवर्षी ऑक्टोबर आला की नाशिकमध्ये एकच सूर लागतो, "आमचं पाणी जायकवाडीला नेलं." २०२३ च्या ऑक्टोबरअखेर नाशिक-नगरच्या धरणांतून ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश निघाला तेव्हा माझ्या सोसायटीत दोन दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही. पण नियम काय आहे ते बघा. पावसाळ्याअखेर जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी हिशोबाप्रमाणे पाणी द्यायचं. गोदावरी एकच आहे. वर पाऊस पडला म्हणून ती वरच्यांच्या मालकीची होत नाही.

मी हे भांडायला लिहीत नाही. मोजणीवाल्यांचा मुद्दा मला फार पटला, आणि तो पुढे न्यायचा आहे. महानगराचा आराखडा करताना पुढच्या तीस वर्षांची लोकसंख्या धरतात आणि तेवढं पाणी "आरक्षित" दाखवतात. गंगापूर धरण साधारण साडेपाच टीएमसीचं. जायकवाडी शंभरावर टीएमसीचं, पण ते भरायचं वरूनच. नाशिकने वाढताना नळाचं पाणी तेवढं मोजलं आणि नदीत किती, कसलं पाणी सोडतो हे नाही मोजलं, तर खाली माझी आई राहते तिथे त्याची किंमत मोजावी लागते. आराखड्यात पाण्याचा ताळेबंद असावा. घेतलं किती, परत किती दिलं, आणि कोणत्या प्रतीचं. दरवर्षी छापून, सगळ्यांना बघता येईल असा.

मोजणीवाला

@पैठणची लेक, ताई, हा ताळेबंदाचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मनापासून आभार. पश्चिमेला वाहून जाणारं पाणी वळवायच्या योजना होतील तेव्हा होतील. किकवी धरणाबद्दल तर मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. हाती आहे त्याचा हिशोब आज करता येतो.

@निफाडची माती, दादा, टँकरचं तुम्ही लिहिलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मोजणीला पहाटे निघतो तेव्हा परतणारे रिकामे टँकर भेटतात.

@अंबडचा लेथवाला, रात्रीच्या बसचं कुठल्याही आराखड्यात सापडणार नाही, आणि सापडायला हवं.

हिंजवडी रिटर्न

मूळची नाशिकच्या सिडकोतली, बारा वर्षं पुण्यात नोकरी केली, आता पुन्हा नाशिकला. पुण्याने काय चुकवलं ते आम्ही रोज अंगावर काढलं.

हिंजवडीला आयटी पार्क आलं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. तिथे जाणाऱ्या मेट्रोचं भूमिपूजन झालं डिसेंबर २०१८ मध्ये. मधली वीस वर्षं लाखो माणसांनी वाकडच्या पुलाखाली काढली. माझा मुलगा लहान होता तेव्हा मी घरी पोचेपर्यंत तो झोपलेला असायचा. सहा किलोमीटरला दीड तास. ती वर्षं मला कुणी परत देणार नाही.

नाशिकला हे टाळता येईल, कारण आपण अजून त्या टप्प्याला पोचलो नाही. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटींची तरतूद जाहीर झाली, मेट्रो निओची (रबरी टायरवर धावणाऱ्या मेट्रोची) चित्रं आपण सगळ्यांनी पाहिली, आणि रस्त्यावर मात्र काही उभं राहिलं नाही. वाहन कोणतं यावर हवी तेवढी चर्चा करा, पण मार्गिकेची जागा आज राखून ठेवा. गंगापूर रोडला दुतर्फा इमारती उभ्या राहिल्यावर जागा कुठून आणणार? त्र्यंबक रस्त्याच्या रुंदीकरणात किती कुटुंबांच्या डोळ्यांत पाणी आलं ते आपण पाहिलंच. तीच रुंदी वीस वर्षांपूर्वी खुंट्या ठोकून राखली असती तर कुणाचं घर पडलं नसतं.

एक चांगलं उदाहरणही पुण्याचंच. मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी चारशे एकर एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली, आणि जमीन विकून मोकळं होण्याऐवजी शहर वसवलं. आडगावच्या त्या दीड एकरवाल्या काकांना असा पर्याय कुणी समोर ठेवला असता तर?

मखमलाबाद शिवार

ताई, पर्याय समोर ठेवला होता. आमच्याकडेच. म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

आमच्या शिवारात सुमारे साडेसातशे एकरांवर नगररचना परियोजना करायची ठरली होती. कल्पना वाईट नाही, हे मी विरोधात असूनही सांगतो. सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, बागा, शाळा यांची जागा काढायची, आणि उरलेली जमीन ज्याच्या त्याला चौकोनी, रस्त्याला लागून भूखंड करून परत द्यायची. क्षेत्र कमी होतं, पण किंमत वाढते. कुणा एकाच्या गटावर अख्खं आरक्षण पडून तो बुडत नाही. नेहमीच्या आराखड्यात मात्र तसंच बुडणं होतं. एकाची जमीन खेळाच्या मैदानात जाते आणि शेजारी कोट्यधीश होतो.

मग बिनसलं कुठे? किती टक्के परत मिळणार, चटईक्षेत्र (भूखंडावर किती बांधकाम करता येईल ते) किती, रस्ते आधी की नंतर, यावर. घराघरात दोन तट पडले. माझा चुलतभाऊ बाजूने, मी विरोधात. दोन दिवाळ्या आम्ही एकमेकांकडे फराळाला गेलो नाही. बैठकीत पडद्यावर रंगीत चित्रं दाखवायचे. मी उठून विचारलं, "माझा गट क्रमांक या चित्रात कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा." कुणाला दाखवता आलं नाही. तिथे माझा विश्वास उडाला. शेतकऱ्याला चित्र नको असतं. त्याला त्याची विहीर, त्याचा बांध आणि त्याला मिळणारा भूखंड एका कागदावर हवा असतो.

आज आजूबाजूला गुंठ्या-गुंठ्यांनी विक्री चालली आहे. तीन मीटरचे रस्ते, गटार नाही. चुलतभाऊ आणि मी दोघेही बघतो. परियोजना नीट, गटागटाने समजावून झाली असती तर हे झालं नसतं, असं आता मलाही वाटतं. हे लिहायला मला सोपं नाही.

पंचवटीचा पासधारक

सगळे शहराच्या आतलं बोलत आहेत, मी बाहेरचं सांगतो. मी एकोणीस वर्षं पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जातो-येतो. माझ्यासारखे कितीतरी. आमच्या डब्यात लग्नं ठरली, वाढदिवस झाले, निवृत्तीचे निरोप झाले. नाशिकची माणसं मुंबई चालवतात आणि झोपायला नाशिकला येतात. हे बळ की दुखणं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

कसारा घाटात नव्या मार्गिका झाल्या तर हा प्रदेश मुंबईला खऱ्या अर्थाने जोडला जाईल. पुण्याशी तर अजून थेट लोहमार्ग नाही. नाशिक-पुणे सेमी हायस्पीडचा मूळ मार्ग संगमनेर, नारायणगाव असा होता. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून तो बदलायचं ठरलं. दुर्बीण जगातल्या मोठ्या शास्त्रीय साधनांपैकी आहे, ती जपलीच पाहिजे. पण संगमनेर-सिन्नरच्या लोकांनी या रेल्वेची वाट बघितली आहे, त्यांच्यासाठीही तोडगा शोधायला हवा.

मखमलाबादच्या दादांचं वाचून गहिवरलो. या दिवाळीला चुलतभावाकडे जाऊन या.

सिन्नरफाटा

मोजणीवाले, मी नाशिकरोडला शिक्षिका आहे. आमच्या शाळेमागे नाला आहे, मुलं त्याला "गटार" म्हणतात. परवा नववीच्या वर्गात तुमचा धागा वाचून दाखवला. एका मुलीने विचारलं, "बाई, आपला नाला नकाशात ओहोळ आहे का?" मला उत्तर देता आलं नाही. जुना गावनकाशा सामान्य माणसाला मिळतो का? कुठे, काय अर्ज करायचा?

मोजणीवाला

बाई, मिळतो. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात जायचं. साध्या कागदावर गावाचं नाव लिहून गावनकाशाच्या नकलेसाठी अर्ज करायचा, ठरलेली फी भरायची. एका गटाचंच बघायचं असेल तर गट क्रमांक टाकून गटाचा नकाशा मागा. गटाची विभागणी झाली असेल तर फाळणी नकाशाही मागा. नकाशावर ओढ्या-नाल्यांच्या खुणा वेगळ्या असतात. जोडीला सातबारा काढा. त्यात पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, किती लिहिलाय ते बघा. बऱ्याचदा ओहोळाचं क्षेत्र तिथे लपलेलं असतं.

नक्कल हातात आली की मला इथे कळवा. रविवारी मी टोटल स्टेशन घेऊन येतो, पैसे नकोत. नववीच्या मुलांना जागेवर दाखवू, नकाशातला नाला किती रुंद होता आणि आज किती उरलाय. मुलांना टोपी आणि पाण्याची बाटली आणायला सांगा, आणि पायात बूट हवेत. काठाला काटेरी बाभळी असणार.

@मखमलाबाद शिवार, दादा, तुमच्या गटाचा जुना नकाशा असेल तर तोही पाठवा. तुमची विहीर, बांध आणि ओहोळ एका कागदावर मी काढून देतो. तुमच्या चुलतभावांचा गट लागूनच असेल तर त्यांचाही त्याच कागदावर घेऊ.